मागीलदारचा वारा

मे महिना लागला की वाडीतली माणसं मला देवळात बोलावायला येतात. पावसाआधी तिथे सभा भरते. वादळ आलं तर कुणी काय करायचं, म्हाताऱ्यांना कुठे न्यायचं, असलं बोलणं होतं. मला खुर्ची देतात. मग कोणीतरी उठून सांगतो, "मागच्या मोठ्या वादळात अण्णांनी काकूंना वेळेवर माजघरात हलवलं, म्हणून काकू वाचल्या. वारा ओळखावा तर अण्णांनी." मी मान डोलावतो आणि हातात दिलेला नारळ घेऊन घरी येतो.

ती गोष्ट खरी नाही. बायकोला मी हलवलं नव्हतं. माझ्या सुनेने हलवलं, आणि मी नको म्हटलं असताना हलवलं. बायको त्यानंतर बरीच जगली, आणि आपल्याला नवऱ्याने वाचवलं असं समजूनच गेली.

मला सुनेचा हेवा वाटायचा. इतकी वर्षं मी त्याला शिस्त म्हणत आलो, घराची रीत म्हणत आलो. हेवाच होता तो.

आमची हापूसची बाग आहे. कलमांच्या माणसाचा अर्धा जीव वाऱ्यात असतो. मोहर आल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत मी आभाळाकडे बघतच जगलो. घरात पावसाची तयारीही माझीच. वैशाख संपता संपता कौलं चाळून घ्यायची, लाकडं आत घ्यायची, आणि पश्चिमेच्या पडवीला झावळ्यांची झापं बांधायची, म्हणजे समुद्राकडून येणारी झड आत येत नाही. बायको सकाळी चहा देताना विचारायची, "आज वारा कसला हो?" मी सांगायचो, आणि त्यावर ती पापड वाळत घालायचे की नाही ते ठरवायची.

सून आली तेव्हा ती मिरजोळ्याला एका कारखान्यात नोकरीला होती. तिथे आग लागली, वायू सुटला तर काय करायचं, याच्या कवायती असतात. ते ती घरी घेऊन आली. माजघराच्या दारामागे तिने खुंट्या ठोकल्या आणि घरातल्या प्रत्येकाची एक पिशवी टांगली. त्यात ज्याची त्याची औषधं, बॅटरी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद, एक कपड्यांचा जोड. माझीही पिशवी होती. मी ती रिकामी केली आणि बाजारात मासळी आणायला वापरली. दोन खेपांत तिला बांगड्याचा असा वास लागला की कुणी तिच्यात औषध ठेवलं नसतं. सुनेने पिशवी हुंगली आणि तशीच परत खुंटीला लावली. बोलली असती तर बरं झालं असतं. माझी उत्तरं तयार होती.

मग बायको पडली, खुबा मोडला. मागच्या बाजूला पत्र्याची खोली काढलेली होती, न्हाणीघर जवळ पडावं म्हणून तिची खाट तिथे घातली. तिथून ती दिवसभर सुनेला हाका मारायची. एका सकाळी मी चहा घेऊन गेलो आणि म्हटलं, "आज मळभ आहे, वारा दक्षिणेचा." ती म्हणाली, "हो, सूनबाई म्हणालीच मघाशी. मोबाइलवर आलंय." मी चहा ठेवला आणि बागेत गेलो. तो दिवस मला तारखेशिवाय लख्ख आठवतो.

वादळाची सूचना आली तेव्हा बागेत शेवटचा आंबा उतरवायचा चालला होता. मुलगा कामासाठी मुंबईत होता. मी पडवीची झापं दुहेरी करून सुंभाने आवळत होतो. सून मागून आली.

"बाबा, आईंना माजघरात घेऊया का? ती पत्र्याची खोली..."

"अगो, वादळ कुठून येणार? समुद्रातून. समुद्र कुठे? पुढे. ती मागे आहे, घराच्या आडोशाला. तिच्याइतकी सुरक्षित कोण नाही."

"वादळ समुद्रात दक्षिणेकडून वर सरकत असतं तेव्हा इथला वारा उलटा फिरतो, बाबा. आधी जमिनीवरून येतो, मागीलदारी. जोर तोच असतो."

"जमिनीवरचा वारा?" मी हसलो. "पहाटे होड्या बाहेर काढतो तो मतलई? त्याने कधी वाळत घातलेला पंचा उडाला नाही माझा."

"हा मतलई नाही ना."

"तू मला वारा शिकव हं आता."

तिचं म्हणणं मला समजलं होतं. हे मला लिहायलाच हवं. मी अडाणी म्हणून चुकलो नाही. ती पडवीसमोरच्या कलमाखाली उभी राहून बोलत होती आणि मला दिसत होतं, कलमांची पानं पूर्वेकडून उलटत होती. ती बरोबर असेल तर मग मी कोण, एवढंच माझ्या डोक्यात होतं. "तिला हलवायचं नाही," असं सांगून मी फाटकाजवळच्या शेडमध्ये आंब्याचे क्रेट झाकायला निघून गेलो.

मी तिथे असतानाच वारा आला. मागीलदारीच आला. शेडच्या भिंतीला पाठ लावून मी क्रेटच्या मागे बसून राहिलो. घराकडून पत्रा फाटल्याचा आवाज आला तरी मला उठता येईना. जरा जोर ओसरला तसा पडत धडपडत घरी गेलो. मागच्या खोलीवर छप्पर नव्हतं. वासा बायकोच्या खाटेवर आडवा पडला होता, उशी खाली दबलेली. मी तिच्या नावाने ओरडलो.

माजघरातून तिचा आवाज आला, "अहो, ओरडता काय? इथे आहे मी. तुम्हीच नाही का सांगितलंत हलवायला?"

सून दारात उभी होती, केस चेहऱ्याला चिकटलेले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आई हलेनात. म्हणाल्या, ह्यांनी इथे ठेवलंय, ह्यांनी सांगितल्याशिवाय नाही. मग मी म्हटलं, बाबांचाच निरोप आहे."

त्या क्षणी बायको जिवंत असल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या शेजारीच दुसरं काहीतरी उभं होतं. मोडक्या खुब्याच्या बाईला हिने एकटीने चादरीवरून ओढत नेलं, आणि वर माझं नाव वापरलं. म्हणजे माझ्या बायकोला वाचवणारा माझा शब्दसुद्धा हिच्याकडेच होता.

वाऱ्याने पडलेले आंबे गोळा होत होते तोवर शेजारीपाजारी बघायला आले. बायको प्रत्येकाला सांगे, "ह्यांचा निरोप आला म्हणून हलले हो. नाहीतर मी कसली उठत्येय!" शेजारचे म्हणाले, "अण्णा, तुमच्यामुळे वाचल्या." सून भिजलेली गादी पिळत होती. मी वाट बघितली की ती बोलेल. तिने पाहुण्यांना चहा आणून दिला. तिने ते श्रेय माझ्यापुढे भिकेसारखं टाकलं असं मला वाटलं, आणि मी ते उचललं.

बायको शेवटच्या आजारात मला म्हणाली, "तुम्ही तेव्हा निरोप धाडलात." तेव्हाही मी गप्प राहिलो. ती समाधानात होती, तिचं समाधान कशाला मोडा, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे तिच्या नजरेतली ती जागा मला सुनेला द्यायची नव्हती.

यंदा सभेत खुर्चीवरून उठून मी सांगून टाकलं. सून मागे बायकांत बसली होती. "तिला हलवलं ते हिने. मी नको म्हणत होतो." देवळात हशा पिकला. "अण्णा, सुनेच्या हातची आमटी भलतीच मानवलेली दिसते!" एकाने तर खांद्यावर थोपटलं, किती मोठं मन म्हणून. कुणी विश्वास ठेवला नाही. म्हणून हे लिहितो आहे.

कारखान्यातल्या कवायती तिला ठाऊक, म्हणून सुनेला मात्र लोकांनी बोलायला लावलं. ती पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी, बॅटऱ्या सगळे भरून ठेवतात. पण प्रत्येक घरात एक माणूस असतं, ते जागचं हलत नाही. ते कुणाच्या शब्दावर हलेल, हे आधी विचारून ठेवा. वारा सुटल्यावर विचारायला वेळ नसतो." सगळं देऊळ तिचं ऐकत होतं. माझ्या बोलण्याला इतकी शांतता कधी झाली नव्हती. आणि या वयात, खरं सांगून बसल्यावरही, माझ्या छातीत ते जुनं तसंच हललं.

घरी येताना तिने विचारलं, "बाबा, आता आई नाहीत. वेळ आली तर तुम्ही कुणाचं ऐकाल, सांगून ठेवा."

"मी काय पांगळा आहे? माझा मी उठेन."

"बरं," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी खुंटीवरची माझी पिशवी काढली. रिठ्याने धुतली, लिंबू चोळलं, उन्हात घातली. रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, एक लुंगी, बंडी, असं सगळं तिच्यात भरून पुन्हा टांगली. संध्याकाळी सुनेने ती हातात घेऊन वजन बघितलं, मग नाकाजवळ नेली.

"वास येतोय अजून," ती म्हणाली.

"येऊ दे," मी म्हटलं. "तू सांगशील तेव्हा घेऊन निघेन."