परदेशी गेलेल्या पिशव्या

जर्मनीतल्या त्या प्रदर्शनाच्या फाटकाशी कचऱ्याचा मोठा डबा होता आणि त्यात आमच्या पिशव्या पडल्या होत्या. भोरच्या बचत गटातल्या बायकांनी शिवलेल्या, हळदीत रंगवलेल्या. पर्यावरणाला जपणारा माल परदेशी पाठवायची सरकारी योजना तेव्हा माझ्याकडे होती. प्लास्टिक नको म्हणून आयोजकांनी हौसेनं त्या पिशव्या मागवल्या आणि येईल त्याच्या हातात दिल्या. संध्याकाळी परतताना लोकांनी त्या माहितीपत्रकांसकट टाकून दिल्या होत्या. एवढा समुद्र ओलांडून आलेलं कापड अजून कोरंच होतं.

प्लास्टिकच्या जागी कापड आणता येतं. पण फेकायची सवय कुठली योजना बदलणार?

परतल्यावर गटाच्या सुनंदाताई भेटल्या.

"साहेब, आवडल्या का हो तिकडच्या माणसांना?"

"फार आवडल्या," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला. "मग पुढच्या खेपेला बंदांना दुहेरी शिवण घालू. एकदा घेतली की माणसाला जन्मभर पुरली पाहिजे."