रेंजर काकांचा स्पॉट

वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरांत फुकट मुक्काम करता येईल अशी जागा शोधणं, हे आमच्या गटात माझं काम होतं. गट म्हणजे चौघं. बॉथेल या उपनगरात राहणारं जोडपं, आम्ही त्यांना दादा आणि वहिनी म्हणायचो, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, आणि गाडी त्यांची. माझा रूममेट, नागपूरचा, माझ्याबरोबरच एमएस करणारा. आणि मी. पैसे भरून मिळणाऱ्या कॅम्पग्राउंडवर नळ असतो, संडास असतो, बसायला टेबल असतं. सरकारी जंगलाच्या आतल्या कच्च्या रस्त्यांवर यातलं काहीच नसतं, पण बहुतेक ठिकाणी तंबू टाकलेला चालतो. फक्त जागा सापडावी लागते.

ती मला सापडायची. हायवेवर नुसता आकडा लिहिलेली छोटी तपकिरी पाटी दिसली की आत वळायचं. मग खडी आणि खड्डे. पुढे रस्त्याला फाटे फुटतात. त्यातला वापरात असलेला, पण फार वापरात नसलेला फाटा धरायचा. टोकाला बहुधा जुन्या लाकूडतोडीचा मोकळा सपाट तुकडा असतो. तिथे आधीच्या कोणी दगडांचं गोल चुलाण रचून ठेवलेलं असलं, तर जागा चालते. नवी जमीन तुडवायची नाही. पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब राहायचं. आणि तंबू उघडण्याआधी मान वर करून झाडं बघायची.

"रेंजरचा पोरगा आहे, रक्तातच आहे त्याच्या," असं दादा म्हणायचे.

माझे वडील रेंजर नव्हते. ते मेळघाटात वनमजूर होते, निम्मी वर्षं रोजंदारीवर आणि निम्मी कायम. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे वणवा पुढे जाऊ नये म्हणून जंगलात गवत कापून, जाळून मोकळे पट्टे करायचे, हे त्यांचं मुख्य काम. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेला आहे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्यामागे जायचो. मान वर करून झाडं बघायला त्यांनीच शिकवलं.

अमेरिकेत आलो त्या पहिल्या आठवड्यात एका जेवणाला सगळे आपापल्या घरचं सांगत होते. कोणाचे वडील बँकेत मॅनेजर, कोणाचे पाटबंधाऱ्यात इंजिनिअर. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "फॉरेस्टमध्ये आहेत." वहिनी म्हणाल्या, "अय्या, रेंजर?" मी वरण वाढून घेत होतो. मी मान हलवली असावी. तोंडाने हो म्हटलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्या टेबलावर मला कोणीतरी असायचं होतं. एवढंच कारण होतं, याहून मोठं नव्हतं.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये माझ्या पदवीदानाला बाबा आले. समारंभात ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, कोणी उठवलं तर पटकन उठता यावं अशा बेताने. दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला. "काकांना जंगल दाखवायचं यार! वीकेंडला निघू."

शनिवारी सकाळी ते न्यायला येणार होते. बाबा बेसिनपाशी दाढी करत होते. मला सांगायला दुसरी वेळ उरली नव्हती.

"बाबा, त्यांना वाटतं तुम्ही रेंजर होता."

त्यांनी वस्तरा थांबवला. "कोनं सांगतलं त्याहिले?"

मी त्यांच्यासाठी टॉवेल काढून ठेवला.

"मंग आता?"

"काही नाही. कोणी विचारलं तर हो म्हणा. आणि जरा कमी बोला. तुमची भाषा..."

त्यांनी उरलेली दाढी केली, तोंड धुतलं, टॉवेल नीट घडी घालून ठेवला. मग म्हणाले, "बत्तीस वर्षं सायबाइच्या मांगं चाललो बाबू. कसे चालतेत ते तं माईत आहे." आणि हात पाठीमागे बांधून त्यांनी खोलीत दोन पावलं टाकून दाखवली. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "हां, तसंच." खरंच तसं म्हणालो.

गाडीत नागपूरच्याने लगेच सुरुवात केली. त्याचा मामा वनखात्यात मोठ्या हुद्द्यावर होता, आणि हे तो ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे. "काका, शेवटी कोणती रेंज होती तुमच्याकडे?"

बाबांनी रेंजचं, म्हणजे वनक्षेत्राचं, नाव सांगितलं. क्वार्टर कसं होतं, दारात आंबा होता, दोन जीप होत्या, त्यातली एक कायम बंद, असं सगळं सांगितलं. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. तो आंबा, ती जीप, तो बंगला तिथे होताच. बाबा तिथलं अंगण झाडत असत. सांगता सांगता त्यांचा आवाज थोडा जाड झाला, साहेबांचा असायचा तसा. आणि मला आत कुठेतरी बरं वाटू लागलं. तासभर माझे वडील रेंजर होते आणि त्यांना ते जमत होतं.

खडीचा रस्ता लागला. पहिल्या फाट्यावर बाबांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून एक हिरवी डहाळी मोडली आणि तिचं मोडलेलं टोक आलो त्या दिशेला करून, दगडाखाली दाबून ठेवली. दुसऱ्या फाट्यावरही तेच.

"काका, जीपीएस नाही दिलं का गव्हर्मेंटने?" नागपूरचा म्हणाला. सगळे हसले. बाबाही हसले. मग माझ्याकडे बघून, साहेब हे करतो की नाही अशा नजरेने, तिसऱ्या फाट्यावर ते उतरले नाहीत.

नदीकाठी मोकळी जागा दिसली. चुलाण होतं, पाणी सत्तर-ऐंशी पावलं लांब होतं, समोर बर्फाची शिखरं. दादांनी तंबूची पिशवी काढली. बाबा मान वर करून उभे होते. कडेला एक भलंमोठं फरचं झाड होतं, उभंच्या उभं वाळलेलं, साल गळालेली.

"इथं नोका टाकू," बाबा म्हणाले. "हे झाड मेलेलं आहे. बुडातून पोकळ झालं. हवा सुटली का इकडंच येते."

"काका, शंभर वर्षं उभं असेल ते. व्ह्यू तरी बघा!" वहिनी म्हणाल्या.

"व्ह्यू वरतूनबी दिसते."

रेंजर म्हणतोय म्हणून सगळ्यांनी ऐकलं. बाबांनी चढावर, दोनशे पावलांवर दुसरी जागा काढली. लहान होती, पण तिथेही कोणी रचलेले काळे दगड होते, जमीन जराशी उतरती, पाणी साचणार नाही अशी. त्या घटकेला मला त्यांचा अभिमान वाटला. तो त्यांचा होता की रेंजरचा, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

तंबू लागले. बाबा सवयीने वाळकी लाकडं वेचायला वाकले. मी जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणालो, "बाबा, रेंजर लाकडं उचलत नाहीत."

हातातल्या काटक्या त्यांनी हळूच खाली ठेवल्या आणि घडीच्या खुर्चीवर जाऊन बसले. हात मांडीवर. कामाच्या ठिकाणी रिकाम्या हातांनी बसायची त्यांना सवय नव्हती. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, आणि मी ते बघत दादांबरोबर तंबूच्या दोऱ्या ओढत होतो.

ऊन अजून बरंच होतं तेव्हा हिरवट पिकअप वर आली. जंगल खात्याची बाई उतरली, माझ्याच वयाची असेल. हिरवी पँट, खांद्यावर बिल्ला, वायरलेस. चुलाण जुनंच वापरताय ना, विस्तव विझवताना हात लावून बघा, खाणं गाडीत बंद ठेवा, अस्वलं आहेत, असं ती हसत सांगत होती.

बाबा उभे होते. ती उतरली त्या क्षणी ते खुर्चीतून उठले होते. टोपी काढून छातीशी धरलेली, टाचा जुळवलेल्या, नजर जमिनीवर. बत्तीस वर्षं खाकी आली की जसे उभे राहिले असतील तसे. तिने दोनदा त्यांना म्हटलं, सर, प्लीज, बसा ना. त्यांना कळलं नाही. आम्हा चौघांपैकी कोणीही ते मराठीत सांगितलं नाही. ती गोंधळून हसली, हात हलवला आणि निघून गेली. पिकअप वळणाआड गेल्यावर बाबांनी टोपी घातली आणि ते परत खुर्चीत बसले.

नागपूरचा काठीने राख उकरत होता. "काका," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "माझ्या मामाच्या ऑफिसात ना, असे फक्त मजूर उभे राहायचे."

वहिनींनी दादांकडे बघितलं. दादांनी माझ्याकडे. "काय रे?" ते म्हणाले. "वडील रेंजर ना तुझे?"

बाबा मांडीवरच्या हातांकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते मला वेळ देत होते, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी काय बोलायचं ते ठरवेन आणि ते त्याला हो म्हणतील, असा तो थांबा होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी हसलो. म्हणालो, "अरे, बाबांना सवयच आहे. गावातपण सगळ्यांना असंच सांगतात, मी रेंजर होतो म्हणून. मी तरी किती वेळा खोडून काढू? मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, जाऊ दे."

मग नागपूरचा फिस्कन हसला, आणि त्याच्यामागून सगळे. "काका, तुम्ही तर सॉलिडच निघालात!" "अंगणात आंबा काय, दोन जीप काय!" "आणि एक बंद, काका, एक बंद!" वहिनींच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मीही हसत होतो. माझा आवाज मला त्यांच्यात वेगळा ऐकू येत नव्हता, याचं मला समाधान वाटत होतं.

"हो," बाबा म्हणाले. "मले सवय हाय तशी."

मग ते खुर्चीतून उठले. "आता लाकडं आनतो," असं माझ्याकडे बघून म्हणाले. आवाज साधा होता, परवानगी मागितल्यासारखा.

त्यांनी लाकडं आणली. जाळ त्यांनी लावला, तोही एका काडीत. थोड्या वेळाने दादा म्हणाले, "काका, तेवढं पाणी आणता का खालून?" नंतर वहिनी म्हणाल्या, "काका, ती भांडीपण जरा..." कोणी उद्धट बोललं नाही. काका म्हणत होते, प्लीजही म्हणत होते. आतापर्यंत जो माणूस खुर्चीत बसून होता त्याला काम सांगायचं असतं, हे अर्ध्या तासात सगळ्यांना अगदी स्वाभाविक वाटू लागलं होतं. नागपूरच्याने तर संडासाचा खड्डाही त्यांच्याकडून खणून घेतला. "एक्स्पर्ट आहेत," तो म्हणाला. चहा झाला तेव्हा पाच माणसं आणि चार कप होते. बाबा कोणाचा कप रिकामा होईल याची वाट बघत उभे राहिले. रिकामा झालेला पहिला कप माझा होता. तो त्यांनी स्वतः विसळून घेतला.

परत येताना तिन्ही फाट्यांवर बाबा खिडकीतून बघत होते. दोन डहाळ्या जागेवर होत्या. तिसऱ्या फाट्यावर, जिथे ते उतरले नव्हते, तिथे दादा चुकीच्या बाजूला वळले. अर्धा मैल पुढे गेल्यावर बंद फाटक लागलं, तेव्हा कळलं. रस्ता चुकतोय हे बाबांना आधीच कळलं असणार. ते काही बोलले नाहीत.

राहिलेले दिवस त्यांनी माझ्या खोलीची खिडकी दुरुस्त केली, माझ्या बुटांना शिलाई मारली आणि परत गेले.

त्या जागेला आमच्या गटात नाव पडलं, रेंजर काकांचा स्पॉट. नव्या पोरांना मीच नकाशावर दाखवायचो, कोणत्या पाटीपाशी वळायचं ते. नावामागची गोष्ट नागपूरचा सांगायचा, टोपी छातीशी धरून उभं राहून दाखवायचा. तो छान करायचा. मी ऐकत असायचो.

पुढच्या जूनमध्ये आम्ही परत गेलो तेव्हा ते वाळलेलं झाड पडलं होतं. बुंधा पोकळच होता. नदीकाठच्या चुलाणावर, जिथे दादा पहिल्यांदा तंबू काढत होते बरोबर तिथे, ते आडवं झालं होतं आणि दगड मातीत रुतले होते. वहिनींनी रुतलेल्या दगडांना हात लावून बघितला. मग सगळ्यांनी त्यावर बसून फोटो काढले.

बाबा फोनवर फारसं काही विचारत नाहीत. जेवला का, थंडी आहे का, एवढंच. पण त्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "तिकडं गेलता का परत? ते झाड पडलं का रे?"

पडलं म्हटलं असतं, तर आम्ही तिथे परत गेलो, कोणाबरोबर गेलो, त्या जागेला आता काय म्हणतात, हे सगळं त्याच्यामागून आलं असतं.

"नाही बाबा," मी म्हणालो. "उभं आहे अजून."

"असन," ते म्हणाले. "मंग माह्यंच चुकलं. तिकडचं जंगल येगळं असन."

"हो," मी म्हणालो.