खारिनोसला देऊन टाकलेलं रडणं

अथेन्सच्या कुंभारवाड्यात कुणाचं कुणाशी बिनसलंय हे फिलिन्नाला त्या दोघांच्याही आधी कळायचं. साठी उलटली होती, पण जिभेची धार काही बोथट झाली नव्हती. तिचा नवरा मिक्योन थडग्यांवर ठेवायच्या तेलाच्या पांढऱ्या कुप्या रंगवायचा. कुपीवर केस सोडून ऊर बडवणाऱ्या बायका तो अशा काढायचा की गिऱ्हाइकाला भरून यावं. घरातल्या बाईनं मात्र केस बांधून तोंड मिटून असावं, हे त्याचं ठाम मत. कुपीवरच्या बाईचा आवाज येत नाही ना!

तीन वर्षांपूर्वी त्यांची लेक मिल्तो बाळंतपणात गेली. शहराचा कायदा जुना आणि कडक: प्रेत उजाडायच्या आत न्यायचं, रस्त्यात बायकांनी गळा काढायचा नाही, रचलेले विलाप तर मुळीच म्हणायचे नाहीत. फिलिन्नानं तोंड उघडलं तसा मिक्योननं तिचा दंड धरला. "गप. लोक ऐकतील." ती गप्प बसली. पण पुढं तीन वर्षं सूत कातता कातता तिनं लेकीसाठी मनातल्या मनात एक विलाप रचला. दर वर्षी लेकीच्या दिवशी थडग्यावर जायचं, तर मिक्योन दंडाशी हजर. यंदा मात्र देवानं त्याचे गुडघे धरले. फिलिन्ना एकटी जाणार होती आणि एकदाच, मोठ्यानं, म्हणणार होती.

त्याच हिवाळ्यात तिचा भाचा खारिनोस आला. दाढी राखलेला दांडगा गडी. पण वसंतातल्या उत्सवाच्या नाटकात त्याला राणीचं काम मिळालं होतं, लेक मेलेल्या राणीचं.

"आत्या, बाई कशी रडते ते दाखव ना."

"आधी तू दाखव."

त्यानं छाती पिटली, हंबरडा फोडला. फिलिन्ना हसून हसून चुलीवर कलंडायची बाकी राहिली. "अरे, तुझी राणी रडतेय की वासरू हरवलेली गाय? आणि एवढी बोंबलल्यावर पुढं काय करते ती?"

"फास घेते."

"परवाच्या नाटकातलीनंही फासच घेतला होता. त्याच्या आधीचीनं तलवार. तुमच्या नाटकात बाईनं तोंड उघडलं की मेलीच म्हणायची! रडून झाल्यावर एखादी घरी जाऊन पीठ मळत नाही का रे?"

"पीठ मळणारीला बक्षीस कोण देईल, आत्या?"

"तेही खरंच. बरं, बघ. छाती नाही पिटायची. आधी हात काहीतरी शोधतात." तिनं कोपऱ्यातली मिल्तोची सूत कातायची चाती उचलली. नुसतं दाखवायचं होतं हो. पण चाती हातात आली आणि तीन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं:

"चातीला तुझ्या हाताचं तेल आहे गं, ती मी पुसू कशी? अर्धा धागा तुझा, पुढचा मी कातू कशी?"

तिथून शेवटापर्यंत.

खारिनोसचे डोळे वाहत होते. "आत्या, हे कुणी रचलं?"

'मी' म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. पण रचलेला विलाप म्हणजे गुन्हा, आणि चांगल्या घरच्या बाईनं माझे शब्द, माझे शब्द करायचं नसतं. ती पदर सावरत म्हणाली, "बायका म्हणतात असं काहीबाही."

तिनं स्वतःच असं सांगितल्यावर पोरानं काय करावं? तो ते नाटक लिहिणाऱ्या कवीकडे घेऊन गेला.

उत्सव झाला. मिक्योनला शेजाऱ्यांनी गाढवावर बसवून नेलं होतं. तो परतला तो डोळे सुजवून. "फिलिन्ना, आपल्या खारिनोसनं काय आई उभी केली गं! पंधरा हजार माणूस रडत होतं. ऐक, ऐक—" आणि त्या म्हाताऱ्यानं, चुलीपाशी बसून, तिला तिचाच विलाप म्हणून दाखवला. अर्ध्या धाग्याशी येऊन त्यानं डोळे पुसले. मागं कोपऱ्यात चाती होती. तिच्याकडे त्याची नजर गेली नाही.

"रडत का नाहीस गं? दगड आहेस," तो म्हणाला.

महिन्याभरात तो विलाप मासळीबाजारात पोचला. नाटकाला बायका जात होत्या की नव्हत्या यावर पुरुषांनी खुशाल भांडावं. नवरे घरी येऊन सगळं म्हणून दाखवायचे. पाणवठ्यावर घडे भरताना पोरी तो गुणगुणायच्या आणि त्याला 'खारिनोसचं रडणं' म्हणायच्या.

मिल्तोचा दिवस आला. फिलिन्नानं तेल घेतलं, लोकरीच्या फिती घेतल्या, चाती पदराखाली घेतली. लेकीच्या दगडाला फिती बांधल्या, केस सोडले. शब्द कुणाच्याही तोंडी असोत, लेक तर आपलीच, असं म्हणून तिनं मोठ्यानं सुरुवात केली, "चातीला तुझ्या हाताचं तेल आहे गं..."

शेजारच्या थडग्यापाशी एक तरणी बाई उभी होती. ती कौतुकानं वळली. मन वाईट नव्हतं हो तिचं.

"अगंबाई, खारिनोसचं! किती छान म्हणता, आजी. फक्त तो 'अर्धा धागा' म्हणून जरा थांबतो ना, तिथंच सगळी रडतात. तुम्हीही थांबा तिथं."

फिलिन्ना थांबली.

खूप वेळ थांबली. दुसरं काही म्हणावं म्हणून तिनं आत शोधलं. आत काही उरलं नव्हतं. तिनं तेल ओतलं, केस बांधले आणि चाती परत पदराखाली घेतली.

नाटकातली राणी इथं फास घेते. फिलिन्ना घरी आली. मिक्योन कुपीवर एक रडणारी बाई काढत बसला होता, तोंडानं तेच गुणगुणत. मान वर न करता त्यानं विचारलं, "आलीस? भूक लागलीय."

तिनं परातीत जवाचं पीठ घेतलं आणि मळायला बसली.