बैलांच्या वाट्याची गाजरं

पाऊस न झालेल्या त्या वर्षी आम्ही सांगोल्याजवळच्या एका खेड्यात राहत होतो. वडील तिथल्या शाळेत मास्तर, मी तिसरीत, आणि धाकटा भाऊ अजून आईच्या अंगावर पीत होता. पाण्याचा टँकर दोन दिवसांआड यायचा. मेथी, शेपू, तांदळी, सगळं बाजारातून नाहीसं झालं होतं. जेवायला भाकरी, चटणी, कधी पिठलं. त्याची कुणी फार खंत करत नव्हतं. भाकरी मिळतेय ना, मग झालं.

दिवाळीनंतर केव्हातरी मला संध्याकाळी दिसेनासं झालं. दिवसा सगळं लख्ख. पण दिवस कलला की घरातल्या वस्तू एकेक करून विरून जायच्या. कंदील लावला तरी मला तेवढा पिवळा ठिपका दिसायचा, त्याच्याभोवतीची माणसं नाही. मी कुणाला बोलले नाही. शेजारच्या काकू एकदा कुणाबद्दल तरी म्हणाल्या होत्या, "रातांधळी पोरगी, कोण करून घेणार तिला?" ते माझ्या मनात घट्ट बसलं होतं. मग मी युक्त्या काढल्या. उजेड आहे तोवर अभ्यास उरकायचा आणि दिवेलागणीला भावाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसायचं. सगळे म्हणायचे, पोरगी किती शहाणी झाली!

महिनाभर हे निभलं. एका संध्याकाळी वडिलांनी पाणी मागितलं. मी चाचपडत तांब्या भरून नेला आणि त्यांच्या हातात दिला, म्हणजे मला तसं वाटलं. तांब्या हाताच्या वीतभर अलीकडेच सुटला. टँकरचं पाणी जमिनीवर पसरलं. मला रडूच फुटलं.

वडील जवळ आले. "किती बोटं आहेत, सांग बघू."

"तीन," मी अंदाजानं म्हणाले.

"मी बोट वर केलेलंच नाही, बाळ."

आई चुलीपाशी होती. ती भाकरी थापत राहिली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही सगळे सांगोल्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पापण्या उलटून पाहिल्या, एक तेलकट औषध पाजलं आणि म्हणाल्या, "पालेभाजी, गाजर, पपई असलं काही पोटात गेलं नाही की असं होतं. घाबरू नका. वेळेवर आणलंत, बरी होईल." मग त्यांची नजर आईच्या कडेवरच्या भावाकडे गेली. "बाळ अंगावर पितं ना? मग तुम्हाला संध्याकाळी नीट दिसतं का?"

"तिला काही नाही," वडील म्हणाले.

"मी त्यांना विचारतेय."

आईनं मान खाली घातली. "न्हाय दिसत. बाळ झाल्यापासनं. भाकरी हाताच्या अंदाजानं थापती. सवय झालीय की."

बाहेर आल्यावर वडील आईकडे वळले. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुमी काय केलं असतं? पाऊस पाडला असता?"

ती चिडून बोलली नव्हती. म्हणूनच वडिलांना ते जास्त लागलं असावं. सगळ्या वाटेत त्यांनी भावाला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि आईला खिडकीची जागा दिली.

गावाबाहेर एका शेतकरी जोडप्याच्या विहिरीत थोडं पाणी उरलं होतं. त्यावर त्यांनी बैलांसाठी गाजराचे दोन वाफे केले होते. आमच्याकडे तेव्हा गाजर माणसांपेक्षा जनावरंच जास्त खायची. वडील टोपी हातात धरून तिथं उभे राहिले, मागायचं कसं ते त्यांना सुचेना. माझ्या डोळ्यांचं बाईच्या कानावर आलं होतं, तिनंच ओळखलं. "मास्तर, बैलं कडबा बी खात्यात. लेकराचं डोळं जायला नगं." तिनं स्वतः गाजरं उपटली. बदल्यात एवढंच मागितलं, की फौजेतल्या मुलाचं पत्र आलं की वाचून दाखवायचं.

गाजरं लालसर, वाकडी, काही दोन पायांची, आत पिवळट दांडा. नुसती खाऊन उपयोग नाही, तेल पोटात जायला हवं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून आई ती किसायची, वर दाण्याचं कूट आणि फोडणी. आठ दिवसांत मला कंटाळा आला. पण वडील दोन ताटल्या समोर मांडायचे, एक माझी, एक आईची, आणि आईची संपेपर्यंत उठायचे नाहीत. तोवर आई नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायची. नवऱ्यासमोर बसून घास घेताना ती इतकी लाजायची की मला हसू यायचं.

भोगीच्या दोन-तीन दिवस आधी, चुलीच्या उजेडात मला आईच्या कपाळावरचं गोंदण दिसलं. हिरवं, बारीक, तीन ठिपक्यांचं.

"आई, तुझं गोंदण दिसतंय मला!"

आईनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "आन् मला तुझं दात दिसायलेत. घासत न्हाईस व्हय गं?"

वडील मोठ्यानं हसले, आणि हसता हसता उठून अंगणात गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

आता मी सोलापुरात असते आणि आई माझ्याकडे. मध्यंतरी मी वाचलं, की गाजर मूळचं अफगाणिस्तान-इराणकडचं, आणि आधी ते जांभळं, पिवळं असायचं. नारिंगी रंग पुष्कळ नंतर आला. तिला सांगितलं, तर म्हणाली, "जांभळं? मग वांगंच म्हनायचं की त्याला."

थंडी पडली की ती गावरान गाजराचा हट्ट धरते. नारिंगी, गुळगुळीत गाजरं तिला चालत नाहीत. चवच न्हाय म्हणते. परवा सगळी मंडई फिरले, लाल मिळालं नाही. शेवटी नारिंगीच आणली. तिनं खाल्ली, पण दुपारभर माझ्याशी धड बोलली नाही.