मुलुंडच्या माळ्यावरचे नकाशे

ट्रेसिंग पेपरचे उरलेले तुकडे फेकवत नाहीत. ड्रॉवर उघडला की उडतात. आमचे किस्से तसेच!

मी सातवी पास. ट्रेसिंग शिकले ती दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघून, आणि हात अजून थरथरत नाही. मुलुंडच्या एका वाचनालयाच्या माळ्यावर जुने नकाशे सापडले. स्कॅनमध्ये फिक्या रेषा येईनात. शेवटी नकला काढायला ग्रंथपाल सरांनी आम्हा तीन रिटायर्ड ट्रेसर बायांना बोलावलं: मी, वेसाव्याची पारू आणि घाटकोपरची शेवंता.

शेवंताने पहिल्याच दिवशी सांगितलं, "डोंगरावरची आमची वस्ती शोधायचीय गं. तोडून चाळीस वर्षं झाली. एकदा नकाशात तिच्यावर बोट ठेवलं की सुटले!"

*

भांडुपच्या एका शेतात विहीर दाखवलेली. पारूने भिंग लावलं. "अगं, विहिरीला पाय हायेत!"

कुणा ट्रेसरने कागदावर मेलेला डास इमानाने गिरवला होता! मग दुपारभर त्या विहिरीचं पाणी गोड असेल की मचूळ, यावर आम्ही भांडलो.

*

एका पुजाऱ्याने काढलेल्या नकाशात गावदेवीचं देऊळ हे एवढं, आणि अख्खी मुंबई तिळाएवढी.

सर म्हणाले, "स्केल चुकलंय."

मी म्हटलं, "चुकलं नाही. मान दिलाय!"

*

पारूने सासऱ्याचा कापडी नकाशा आणला. समुद्रातल्या खडकाखडकाला नाव. अंधेरी, सांताक्रूझच्या जागी नुसतं कोरं कापड.

सरांनी विचारलं, "जमीन काढायची राहिली का?"

"जमीन काय, हालत नाय. तिला कशाला काढायची?"

पंख्याच्या वाऱ्याने ते कापड हलत राहिलं. टेबलाखाली माझे पाय ओले झाल्यासारखे वाटले. खोटं नाही सांगत.

*

अगदी शेवटच्या गुंडाळीत घाटकोपरचा डोंगर निघाला, आमच्या लहानपणीचा. शेवंताचं बोट चढण चढत वर गेलं आणि थांबलं. वस्तीच्या जागी एकच शब्द होता: 'पडीक'.

तिने पेनात शाई भरली आणि कामाला लागली.

दोन दिवसांनी सर नक्कल ताडून बघत होते. "शेवंताबाई, हे बत्तीस ठिपके कसले?"

"चुली, सर."

"पण मूळ नकाशात तर नाहीत!"

शेवंता पेन पुसत म्हणाली, "काढणारा दुपारचा आला असणार. तेव्हा विझलेल्या असायच्या."