आतून बसणारं झाकण

गंगाक्कांची आणि माझी ओळख लिफ्टमध्ये झाली. पुण्याहून बंगळुरात, बेळ्ळंदूरला राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. नवव्या मजल्यावरून खाली जाताना साठी उलटलेल्या या बाईंनी न विचारता माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, टोपण ओठांना लावून फुंकर मारली आणि विचारलं, "ह्याला भोक कशाला रे?" मी म्हणालो, शाई वाळू नये म्हणून असेल.

"शहाणाच आहेस की! भोक पाडल्यावर शाई वाळंल का राहील? पोरानं टोपण गिळलं तर श्वास चालू राहावा म्हणून आहे ते. कुठंतरी कुणाचं तरी पोर गेलं असणार. त्याबिगर कंपनीवाला फुकट भोक पाडत नाही."

हे 'फुकट पाडत नाही' त्यांच्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी यायचं, आणि दर वेळी रागातच यायचं. अक्का मूळच्या निपाणीच्या. बंगळुराजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या एका प्लास्टिक कारखान्यात पॅकिंगमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. मुलगी परदेशी गेली म्हणून तिच्या फ्लॅटमध्ये, माझ्या समोरच्या दारात, त्या एकट्याच राहत. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वासच नसतो, तो मुद्दाम घालतात, हे इंजिनिअर असून मला पस्तिशीत त्यांच्या ओट्यापाशी कळलं. कुलपाला किल्लीच्या भोकाशेजारी आणखी एक बारीक छिद्र असतं, ते आत शिरलेलं पावसाचं पाणी निघून जायला. मी हसलो की त्या भडकायच्या. "हसूलालास काय? गंमत हाय व्हय ही? माणूस मेल्यावर आलेलं शहाणपण आहे ते."

मी मात्र त्याची गंमतच केली. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'तुम्हाला माहीत आहे का?' असं सदरच चालू केलं. अंगठे यायचे, टाळ्या यायच्या. अक्कांचं नाव कधी टाकायचो, कधी विसरायचो. आज या माणसाचा मला संताप येतो, आणि तो माणूस मीच आहे.

मग दारांचं प्रकरण निघालं. आमच्या बारा मजली इमारतीत प्रत्येक मजल्यावर जिन्याकडे जायला एक जड दार आहे. ते जिन्याच्या बाजूला ढकलून उघडायचं. तिथल्या मोकळ्या जागेत लोकांनी चपलांचे रॅक ठेवले, सायकली ठेवल्या, एकानं तर मोडकी ट्रेडमिल आणून टाकली. दार त्यांवर आपटायला लागलं. सामान हलवायचं सोडून कमिटीनं सुतार बोलावला आणि बाराही दारं फिरवून घेतली. आता ती आपल्याकडे ओढून उघडायची. कमिटीत मीही होतो. मी हात वर केला, कारण त्यातला एक रॅक माझा होता.

हे कळल्यावर अक्कांनी मला मनगटाला धरून स्वयंपाकघरात नेलं. कुकरचं झाकण तिरकं करून आत घातलं आणि वर ओढून बसवलं. "हे आतनं का बसतं सांग. आत जोर वाढला की आणखी घट्ट बसावं म्हणून. वाफ कोंडायला हे बरोबर आहे. तुला माणसं कोंडायचीत काय?"

"अक्का, आपण कुलूप कुठं लावतोय?" मी म्हणालो.

त्या खाली बसल्या. मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात एकदा धूर झाला होता. पॅकिंग खात्याच्या दाराला कुलूप नव्हतं, कडी नव्हती. ते फक्त आतल्या बाजूला उघडायचं. "सरोजा सगळ्यात पुढं होती. दाराची मूठ तिच्या हातात होती रे. मागनं आम्ही ढकलूलालो होतो. मी ढकलूलाले होते. दार ओढायला तिला वीतभर जागा मिळाली नाही." मागच्या बायका सरल्या तेव्हा कुठे दार उघडलं. बाकीच्या वाचल्या, सरोजा दारावरच चेंगरून गेली. "पुढच्या आठवड्यात मालकानं दार बाहेर उघडणारं केलं. फुकट नाही केलं."

हेही मी ग्रुपवर टाकलं. लोकांना पटावं म्हणून टाकलं, अशी मी स्वतःची समजूत घालतो. पण मथळा तोच होता, 'तुम्हाला माहीत आहे का?' नेहमीपेक्षा जास्त अंगठे आले. अध्यक्षांनी लिहिलं, "बहुत इंटरेस्टिंग! शेअर करते रहिए." दारं तशीच राहिली.

अक्का दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आल्या. "सरोजाला फॉरवर्ड केलंस होय? अंगठ्यानं दार फिरतं काय रे?" त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सोसायटीच्या सभेत मात्र उभ्या राहिल्या आणि कन्नड, हिंदी, मराठी, जी येईल त्या भाषेत भांडल्या. अध्यक्ष हसून म्हणाले, "आंटीजी, आग लगेगी तब देखेंगे." सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही.

आग लागली नाही. एका रविवारी सकाळी अक्कांना श्वास घेता येईना. मोलकरणीनं आरडाओरडा केला, मी अॅम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा जिन्यानं न्यायचं ठरलं. तोवर वरखालच्या मजल्यांवरची माणसं मदतीला धावून आली होती. अरुंद बोळ माणसांनी भरला. मागचे ओरडत होते, "चला, चला, पुढे घ्या." पुढचे ओरडत होते, "मागे सरा." दाराची मूठ माझ्या हातात होती. मी ओढलं, दार चार बोटं उघडलं आणि स्ट्रेचरच्या दांड्याला अडलं. स्ट्रेचर मागे घ्यायला जागा नव्हती, कारण मागे आम्हीच होतो. अक्का शुद्धीत होत्या. तोंडावर मास्क होता. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, चादरीतून आपला हात काढला आणि तळवा दाराकडे करून हवेतच ढकलल्यासारखं केलं.

गर्दी मागे हटायला किती वेळ गेला, ते मला माहीत नाही. रिंग रोडवर, अॅम्ब्युलन्समध्येच त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला म्हणून काही फरक पडला नसता. असेलही. मला तो दिलासा नको आहे.

संध्याकाळी ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणीतरी माझे सगळे जुने मेसेज गोळा करून 'आंटीजी की याद में' म्हणून एकत्र टाकले होते. पेनचं टोपण होतं, कुलूप होतं, कुकरचं झाकणही होतं. त्यालाही अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी मी माझा रॅक भंगारात दिला, शेजाऱ्यांच्या सायकली त्यांच्या दारात नेऊन टाकल्या आणि सुताराला आणून नवव्या मजल्याचं दार पुन्हा फिरवून घेतलं. परवानगी न घेता बदल केला म्हणून कमिटीनं मला नोटीस पाठवली आहे. बाकीच्या अकरा मजल्यांवर दारं अजून आतच उघडतात. त्यांना एक गंगाक्का पुरल्या नाहीत.