सिनेमाबाईंचा पुठ्ठा

सिनेमाबाई हे नाव मीच पाडलं. मी सातवी 'ब'ला भाषा शिकवतो, ती 'अ'ला शिकवायची. आमच्या वर्गांमध्ये एक प्लायवूडची भिंत होती.

भावाने टाकून दिलेला प्रोजेक्टर ती भाजीच्या पिशवीतून आणायची. मग सुरू व्हायचा भांड्यांचा खणखणाट, पोरांचं खिदळणं आणि पुन्हा तोच खणखणाट. इकडे मी व्याख्या सांगून घसा कोरडा करतोय आणि माझी पोरं भिंतीला कान लावून बसलेली. डोक्यात तिडीक जायची. शेवटी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, बाई काही शिकवत नाहीत, तासभर सिनेमा लावून बसतात. वर्ग तिच्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा, ते एक तास बघून ठरवू, असं ते म्हणाले.

आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. तिने अर्धा पडदा पुठ्ठ्याने झाकला. उरलेल्या अर्ध्यात एक बाई, पाठमोरी, ताटल्या आपटत होती.

"हिला काय झालंय?"

"नवऱ्याशी भांडलीय," पोरं म्हणाली.

तिने पुठ्ठा काढला. पलीकडे एक बाळ बसलं होतं आणि प्रत्येक आवाजाला टाळ्या पिटत होतं. वर्गात हशा पिकला.

"मग आधी गोष्ट कोण सांगत होतं?"

"पुठ्ठा," पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. "म्हणजे निवेदक. तो दाखवेल तेवढंच आपल्याला कळतं."

बाहेर आल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "छान आहे हो, पण परीक्षेत पुठ्ठा येत नाही." तिला ग्रंथालयात बसवलं. दोन्ही तुकड्या माझ्याकडे आल्या. तिने पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता गेली. मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

तक्रार कोणाची, हे शाळेत लपत नाही. पहिल्याच तासाला मी निवेदकाची व्याख्या सांगायला घेतली, तर चष्मेवाली उभी राहिली.

"सर, तक्रार करायच्या आधी तुम्ही कधी आमच्या वर्गात आला होतात?"

"गरज नव्हती. भिंतीतून सगळं ऐकू येतं."

ती फळ्यामागे गेली, बाईंचा राहिलेला पुठ्ठा काढला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"सर, हा तुमचा."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान वर्गाबाहेर काढता आलं असतं.